मराठी जिभेचं इंग्रजी: जोर कुठे द्यायचा, ओठ कुठे वळवायचे

परदेशात काम करू इच्छिणाऱ्या बऱ्याच नर्सेस ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट नावाची परीक्षा देतात. तिच्या तयारीच्या एका तासाला मी दोघींना समोरासमोर बसवलं होतं. एक वॉर्डातली नर्स, दुसरी फोनच्या पलीकडची डॉक्टर. नर्सनं औषधाची मात्रा सांगितली, ‘फिफ्टीन मिलिग्रॅम’. डॉक्टर झालेलीनं वहीत ५० लिहिलं. वही सगळ्यांना दाखवली तेव्हा आधी हशा पिकला आणि मग वर्ग एकदम गप्प झाला. चूक काय होती हे सगळ्यांनाच कळलं होतं. व्याकरण बरोबर होतं, शब्दही बरोबर होता. फक्त सगळा जोर ‘फिफ्’वर पडला, ‘टीन’ घाईत उरकलं गेलं आणि शेवटचा न नाकातच विरला.

गेली बारा वर्षं मी कोल्हापुरात बोलीइंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली असतात. ‘मॅडम, आमचा ॲक्सेंट गावठी आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी ते पुरं होऊच देत नाही. आपल्या बोलण्याला मराठीचा सूर असणार, आणि तो असू द्यावा. स्कॉटिश माणसाच्या इंग्रजीत स्कॉटलंड ऐकू येतं, नायजेरियन माणसाच्या इंग्रजीत नायजेरिया. आपल्याला साधायचं आहे ते इतकंच, की समोरच्याला ‘सॉरी?’ म्हणून परत विचारावं लागू नये. त्यासाठी लागणारं बरंचसं सामान मराठी तोंडात आधीपासूनच आहे. ते कुठे ठेवलंय एवढं सापडायला हवं.

सुरुवात रेकॉर्डिंगपासून

आधी आठ-दहा वाक्यं कागदावर लिहा. नाव, गाव, काम काय करता, रोज किती वाजता निघता, एखादा फोन नंबर, एखादी विनंती. तुम्ही खरोखर बोलता तीच वाक्यं घ्या, पुस्तकातली नकोत. ती फोनवर रेकॉर्ड करा, फाइलला तारखेचं नाव द्या आणि दोन दिवस उघडू नका. लगेच ऐकलं तर कान आपल्याच बाजूनं साक्ष देतात. दोन दिवसांनी कागद समोर न ठेवता ऐका आणि जो शब्द आपल्यालाच नीट लागला नाही तो टिपून ठेवा. ही फाइल पुसायची नाही, महिन्याभरानं ती लागणार आहे.

शब्दातला जोर

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावते. मराठीत ‘महाराष्ट्र’ म्हणताना ‘हा’वर जोर द्या नाहीतर ‘राष्’वर, ऐकणाऱ्याला महाराष्ट्रच ऐकू येतो. फार तर बोलणं जरा वेगळं वाटेल. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दातला एक तुकडा राजा असतो. तो चुकला की शब्दाचा चेहराच बदलतो आणि ऐकणारा डोक्यात भलताच शब्द शोधू लागतो.

हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधले आर. के. बन्सल यांनी १९६० च्या दशकात भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा अभ्यास केला. न समजण्याच्या कारणांमध्ये चुकीच्या जागी पडलेला आघात, म्हणजे हाच जोर, हे मोठं कारण असल्याचं त्यांनी दाखवलं. याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. ब्रिटिश भाषाभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा दोन माणसांच्या संभाषणासाठी आवश्यक उच्चारांची यादी मांडली आणि तिच्यात शब्दातला आघात घेतला नाही. वर्गातल्या अनुभवावरून मी बन्सल यांच्या बाजूची आहे.

शब्दकोशात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. इथे मीही तीच खूण वापरते. हे शब्द मोठ्यानं म्हणा:

हो-ˈटेल, इ-ˈव्हेंट, डि-ˈव्हे-लप-मंट, क-ˈमि-टी, ˈकॅ-ट-ग-री, ˈकम्फ-ट-बल, ˈव्हेज-ट-बल, एन-जि-ˈनिअर.

‘डेव्हलपमेंट’ आपण बहुधा पहिल्या तुकड्यावर जोर देऊन म्हणतो आणि शेवटचं ‘मेंट’ही ठासून म्हणतो. खरं वजन ‘व्हे’वर आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला हलकंच. ‘कम्फर्टेबल’चे चार तुकडे लिहिण्यात आहेत, बोलण्यात तीनच. ‘व्हेजिटेबल’चंही तसंच.

जोर देणं म्हणजे ओरडणं नाही. त्या तुकड्यात तीन गोष्टी एकदम होतात. तो थोडा लांबतो, आवाज थोडा चढतो आणि स्वर पूर्ण, स्वच्छ येतो. दोन्ही अंगठ्यांत एक रबरबँड अडकवा आणि फक्त जोराच्या तुकड्यावर ताणा. ‘डि’ला सैल, ‘व्हे’ला ताण, ‘लपमंट’ला परत सैल. पोरकट वाटेल, पण हाताला कळलं की तोंडाला कळतं, असं मी शेकडो वेळा पाहिलंय.

आता थोडे नियम. ते सगळीकडे चालत नाहीत, पण बरंच ओझं उचलतात. शब्दाच्या शेवटी ‘शन’, ‘इक’, ‘इटी’, ‘ग्रफी’ किंवा ‘लजी’ आलं तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो: इन्-फ-ˈमे-शन, इक-ˈनॉ-मिक, अ-ˈबि-लि-टी, फ-ˈटॉ-ग्र-फी, बाय-ˈऑ-ल-जी. म्हणूनच एकाच घरातले शब्द जोर बदलत जातात. ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फर, फो-ट-ˈग्रॅ-फिक. हे तीन शब्द सलग दहा वेळा म्हणा, इंग्रजीची चाल अंगात भिनते. ‘पॉलिटिक्स’ मात्र या रांगेत बसत नाही, त्याचा जोर पहिल्याच तुकड्यावर आहे. दोन तुकड्यांच्या काही शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर पडतो. नोंदवही या अर्थी ˈरे-कॉर्ड, नोंद करणे या अर्थी रि-ˈकॉर्ड. भेटवस्तू म्हणजे ˈप्रे-झंट, सादर करणे म्हणजे प्रि-ˈझेंट.

रोज पाच शब्द घ्या आणि तेही तुमच्या कामातले. बँकेत असाल तर बँकेतले, दवाखान्यात असाल तर दवाखान्यातले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत आणि प्रत्येक शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं. ते दाबायच्या आधी आपला अंदाज पेन्सिलीनं मांडा. अंदाज चुकला की तो शब्द कायमचा लक्षात राहतो.

आपला ‘अ’ इंग्रजीत सगळ्यात जास्त खपतो

जोर एका तुकड्यावर गेला की बाकीच्या तुकड्यांचं काय होतं? त्यांचे स्वर दमतात आणि बहुतेक जागी एकच मोकळा, निवांत आवाज उरतो. ध्वनिशास्त्रात त्याला श्वा म्हणतात. इंग्रजीत सर्वात जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. ‘कमळ’मधला पहिला अ तोंडात आणा, झालं काम. ‘अबाउट’, ‘डॉक्टर’चा शेवट, ‘बनाना’चा पहिला आणि शेवटचा तुकडा, सगळीकडे हाच.

अडचण स्पेलिंगमुळे होते. कागदावर ओ दिसला की आपण ओ म्हणतो, ए दिसला की ए. शाळेत आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, कानांनी फार कमी. म्हणून माझं सांगणं असतं की जोराचा तुकडा सांभाळा आणि उरलेल्यांना ‘अ’ देऊन बघा. दहापैकी सात-आठ वेळा बरोबर येईल.

छोट्या शब्दांनाही हीच वागणूक मिळते. आपण लिहितो ‘आणि’, पण घरात ‘चहा नि खारी’, ‘तू अन् मी’ असंच म्हणतो ना? इंग्रजीतलं ‘ॲन्ड’ तसंच ‘अन’ होतं. ‘फॉर’चं ‘फ’ होतं, ‘टू’चं ‘ट’, ‘ऑफ’चं ‘अव’. ‘अ कप ऑफ टी’ हे चार शब्द सारख्या वजनानं म्हटले तर पाठांतर वाटतं. ‘अ ˈकपव ˈटी’ म्हटलं की दोन ठोके पडतात आणि कान लगेच धरतो.

यातली एक जागा खरोखर धोक्याची आहे. ‘मी येऊ शकतो’ म्हणताना ‘कॅन’ हलकं येतं: ‘आय कन ˈकम’. ‘मी येऊ शकत नाही’ म्हणताना ‘कान्ट’ पूर्ण आणि जोरात. आपण दोन्हीकडे सारखाच जोर दिला तर ऐकणारा ‘कॅन’चंही ‘कान्ट’ समजतो. शेवटचा ट तसाही फारसा ऐकू येत नाही, निवाडा जोरावरच होतो. होकार हलका, नकार जड.

आवाज: कशावर मेहनत घ्यायची

प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत साधारण ४४ वेगवेगळे आवाज मोजतात, अक्षरं मात्र २६. सगळ्यांमागे लागायची गरज नाही. मराठी माणसाचे जिथे खरोखर घोटाळे होतात तेवढेच घेऊ.

पहिला घोटाळा ‘ए’चा. मराठीत आपण लिहितो ‘टेस्ट’. म्हणजे परीक्षा की चव? ‘सेल’ म्हणजे घड्याळातला की दुकानातला? ‘लेटर’ म्हणजे पत्र की नंतर? देवनागरीत दोन्ही एकसारखे, आणि तोंडातही आपण दोन्ही एकसारखेच म्हणतो. इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत. परीक्षेचा ए आखूड असतो. जबडा किंचित खाली येतो आणि आवाज पटकन तोडायचा. चवीचा ए घसरत जातो, ए-पासून निघून इ-कडे: ‘टेइस्ट’. हनुवटीखाली बोट ठेवून म्हणून बघा. ‘टेइस्ट’ म्हणताना हनुवटी वर सरकते, ‘टेस्ट’ म्हणताना जागेवर राहते. मग जोड्या म्हणा: पेन आणि पेइन, वेट आणि वेइट, गेट आणि गेइट, पेपर आणि पेइपर. शेवटच्या जोडीतला आखूड ए-वाला ‘पेपर’ म्हणजे मिरी. दुकानात ‘ब्लॅक पेपर’ मागताना हा फरक उपयोगी पडतो. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी तर ‘पेइन’ पक्कं करूनच घ्यावं.

ओ-चंही असंच आहे. ‘कोट’, ‘होल’, ‘लो’ म्हणताना शेवटी ओठ ऊ-साठी गोल होतात. ‘कॉट’, ‘हॉल’, ‘लॉ’ म्हणताना तसं होत नाही. ऑ आणि ॲ आपल्याला जड जात नाहीत, मराठीनं ते कधीच आपलेसे केलेत.

इ आणि ई इथे मराठीचा कागद आपल्याला चकवतो. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात सांभाळतो, बोलताना मात्र फारसा फरक करत नाही. इंग्रजीत ‘आय लिव्ह हिअर’ म्हणजे मी इथे राहतो आणि ‘आय लीव्ह हिअर’ म्हणजे इथून जातो. ई-साठी ओठ हसल्यासारखे ताणा, इ-साठी सैल सोडा. फक्त लांबी वाढवून भागत नाही.

दुसरा घोटाळा, व आणि व्ह. इंग्रजीत दोन आवाज आहेत. मराठी व या दोघांच्या मधोमध उभा आहे, म्हणून ऐकणाऱ्याला कधी हा वाटतो, कधी तो. व्ही अक्षराच्या आवाजासाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि आवाज सोडा. ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात, भुंग्यासारखं गुणगुणायला हवं. डब्ल्यूच्या आवाजासाठी दात लांब ठेवा, ओठ ‘ऊ’ म्हणल्यासारखे गोल करा आणि तिथून पुढच्या स्वरात उडी मारा: ‘ऊ-एस्ट’, ‘ऊ-आइन’. आरशासमोर करा. वाइन म्हणताना दात दिसता कामा नयेत, व्हाइन म्हणताना दिसायला हवेत.

मराठी लेखनानं यात एक चांगलं काम केलंय आणि एक घोळ घातलाय. ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’, ‘व्हॅली’ असं लिहून आपण व्ही वेगळा दाखवतो, ते उत्तम. पण ‘व्हाइट’, ‘व्हील’, ‘व्हॉट्सॲप’ यांतही आपण व्ह लिहितो, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये डब्ल्यूमागे एच दिसतो. तिथे आवाज डब्ल्यूचाच आहे, गोल ओठांचा. दररोज शंभरदा घेतलं जाणारं व्हॉट्सॲपचं नाव हाच तुमचा सराव होऊ द्या.

तिसरा घोटाळा झेडचा, आणि हा मला मनापासून आवडतो, कारण याचं उत्तर मराठीच्या पोटात आहे. ‘माझा’ म्हणा. मग ‘माझी’ म्हणा. झ बदलला ना? ‘आजोबा’ आणि ‘आजी’ म्हणा. ज बदलला. पहिल्यात जीभ दातांमागे पुढे असते, दुसऱ्यात मागे सरकून टाळूला चिकटते. झेडचा आवाज ‘माझा’तल्या झ-च्या शेजारी राहतो. म्हणूनच ‘झू’ आणि ‘झोन’ आपण सहज म्हणतो. पण पुढे इ किंवा ए आला की मराठी सवयीनं जीभ ‘माझी’कडे धावते आणि झिरो, झिप, झेब्रा बिघडतात.

उपाय असा. गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब ‘सऽऽऽ’ म्हणा. गळा शांत असेल. जीभ जराही न हलवता आवाज चालू करा, बोटांना थरथर जाणवेल. तोच झेड. आता ती थरथर न तोडता पुढे ‘ई’ जोडा. लक्षात ठेवा, ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’, ‘बिकॉज’, ‘बिझी’ या सगळ्यांत एस लिहिलेला असला तरी आवाज झेडचाच आहे. पगारवाढ मागताना ‘रेइझ’ हवं. तिथे आजीतला ज आला तर ‘रेइज’ होतं, म्हणजे संताप. ‘प्लेझर’, ‘मेझर’, ‘व्हिजन’ यांतला आवाज आणखी वेगळा आहे. हाच प्रयोग ‘शऽऽऽ’ म्हणून केला की तो सापडेल.

‘पॅकेज, मेसेज, व्हिलेज, डॅमेज’ हे शब्द आपण मराठी लेखनाप्रमाणे शेवटी ‘एज’ करून म्हणतो. तिथे ‘इज’ म्हणा, जोर पहिल्या तुकड्यावर ठेवा आणि ज आजीतला घ्या: ˈपॅ-किज, ˈमे-सिज.

चौथा आवाज प, ट, क यांचा. मराठीत प वेगळा, फ वेगळा, क वेगळा, ख वेगळा. इंग्रजीत जोराच्या तुकड्याच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्यांच्यामागून हवेचा छोटा झोत सुटतो. तो नसला तर इंग्रज कानाला ‘पार्क’चं ‘बार्क’ ऐकू येऊ शकतं आणि ‘कोट’चं ‘गोट’. कागदाची एक पट्टी ओठांसमोर धरा. ‘पार्क’ म्हटल्यावर ती फडफडली पाहिजे. मात्र थेट फ किंवा ख-पर्यंत जाऊ नका, अर्ध्या वाटेवर थांबा. आणि स-च्या मागे हा झोत नसतो, ‘स्पिन’ म्हणताना पट्टी शांत राहते. ट-साठी आपण जीभ मागे वळवतो. ती दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकवली की आवाज हलका होतो.

‘थ्री’, ‘थँक्स’, ‘दिस’ यांतल्या थ आणि द-साठी जिभेचं टोक दातांच्या फटीत आणून हवा वाहू देतात, अडवत नाहीत. जमलं तर छान. नाही जमलं तर आपल्या थ-नं आणि द-नं काम भागतं. जेन्किन्स यांच्या त्या यादीतही हे दोन आवाज आवश्यक धरलेले नाहीत. महिने घालवायचे तर यावर घालवू नका. र-बद्दलही घाबरायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये बरेच लोक ‘कार’मधला र गिळतात, पण अमेरिकेत, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये तो म्हणतात. तुमचा र तुम्ही ठेवा.

शब्दाची शेपटी

भूतकाळाचा ‘ईडी’ तीन तऱ्हेनं बोलला जातो. आधीचा आवाज गळा न थरथरता येत असेल तर ट: ‘वॉक्ट’, ‘स्टॉप्ट’, ‘फिनिश्ट’, ‘डिव्हेलप्ट’. थरथरता असेल तर ड: ‘कॉल्ड’, ‘ओपन्ड’. आधीच ट किंवा ड असेल तरच वेगळा तुकडा येतो: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. अनेकवचनाचा एसही असाच: कॅट्स, डॉग्झ, बसिझ. मनात हिशेब करत बसू नका. दहा क्रियापदं घ्या आणि काल काय काय केलं ते रोज झोपताना इंग्रजीत सांगा. आठवड्यात तोंड वळतं.

शेवटचं व्यंजन नीट ऐकू येत नसेल तर आधीच्या स्वराकडे लक्ष द्या. ‘बॅग’मधला ॲ ‘बॅक’पेक्षा लांब असतो, ‘प्राइझ’मधला आइ ‘प्राइस’पेक्षा लांब. ऐकणारा पुष्कळदा या लांबीवरूनच ओळखतो. ग आणि झ घोगऱ्या आवाजात आदळायची गरज नाही, आधीचा स्वर थोडा ताणा.

वाक्यात ‘च’ कुठे आहे?

मराठीत ठसवायचं असेल तर आपण शब्दाला ‘च’ लावतो. मीच बिल भरलं. मी बिलच भरलं. मी कालच भरलं. इंग्रजीत असा ‘च’ नाही. ते काम आवाज करतो. ‘आय पेड द बिल येस्टरडे’ हे एकच वाक्य घ्या. ‘आय’वर जोर दिला तर मीच, दुसऱ्या कोणी नाही. ‘पेड’वर दिला तर भरलंय, राहिलेलं नाही. ‘बिल’वर दिला तर बिलच, दंड नाही. ‘येस्टरडे’वर दिला तर कालच.

आपल्याला हे आतून माहीत असतं, पण आवाजानं करायची सवय नसते. म्हणून आपण ‘च’चं भाषांतर करतो: ‘आय पेड येस्टरडे ओन्ली’, ‘आय ॲम फ्रॉम सातारा ओन्ली’. हा ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’ आहे. पुढच्या वेळी ‘ओन्ली’ जिभेवर आला की तो गिळा आणि त्याच्या आधीच्या शब्दावर आवाज चढवा. ठसवण्याच्या या जोराला जेन्किन्स यांच्या यादीतही जागा आहे. ठसवायचं काही नसेल तेव्हा जोर साधारणपणे वाक्यातल्या शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर पडतो: ‘शी वर्क्स इन अ ˈबँक’.

प्रश्नाचंही तेच. ‘येताय का?’ यातलं ‘का’ आपला सगळा भार उचलतं. इंग्रजीत हो-नाही उत्तराच्या प्रश्नात आवाज शेवटी वर जातो. पण ‘कुठे’, ‘कधी’, ‘का’ विचारणाऱ्या प्रश्नांत तो खाली उतरतो. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ म्हणताना शेवटी चढलात तर आधीचं उत्तर ऐकू आलं नाही म्हणून परत विचारताय असं वाटतं.

वेग, थांबे, नावं आणि आकडे

भरभर बोलणं म्हणजे अस्खलित बोलणं हा समज मुलाखतीला जाणाऱ्या मुलांचं फार नुकसान करतो. वेग शब्दांत कमी करू नका, थांब्यांत वाढवा. म्हणजे एक विचार एका दमात, मग अर्ध्या सेकंदाचा थांबा. ‘आय वर्क इन सांगली / ॲट अ कोऑपरेटिव्ह बँक / इन द लोन सेक्शन.’ तिरक्या रेघेशी श्वास घ्या. रेघ नसेल तिथे थांबलात तर वाक्य फाटतं.

आपलं नाव सांगताना सगळेच घाई करतात, कारण आपल्याला ते माहीत असतं. ऐकणारा ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो. ‘माय नेम इझ’ म्हणा, थांबा, मग नाव सावकाश आणि मराठीत जसं म्हणता तसंच. ‘ज्ञानेश्वर’चं ‘डॅन’ करायची काही गरज नाही. स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, व्ही आणि एम, एन एकमेकांत मिसळतात. त्यासाठी विमान वाहतुकीत १९५६ पासून चालत आलेली शब्दमाला वापरा: बी-साठी ब्राव्हो, डी-साठी डेल्टा, पी-साठी पापा, व्ही-साठी व्हिक्टर, एम-साठी माइक, एन-साठी नोव्हेंबर. कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांना ती पाठच असते.

आणि आकडे. सुटं म्हणताना फिफ्-ˈटीन, ˈफिफ्-टी. पण ‘फिफ्टीन मिनिट्स’ असं पुढे नाम आलं की जोर मागे सरकून ‘फिफ्’वरही येऊ शकतो, म्हणून फक्त जोरावर विसंबू नका. टीनमधली ई लांबवा आणि न नाकात पूर्ण वाजू द्या, जीभ वरच्या हिरडीला टेकलेली जाणवली पाहिजे. त्यावर चूक परवडणारच नाही अशी वेळ असेल तर अंक सुटे सांगा: ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’. औषधाच्या मात्रा तोंडी सांगताना आकडा असा फोडून सांगायची आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायची पद्धत रुग्णालयांत आहे. पैशांचे व्यवहार आणि गाड्यांच्या वेळा सांगतानाही ती वापरायला हरकत नाही.

रोजची पंधरा मिनिटं

पाच मिनिटं पाच शब्दांचा जोर, रबरबँडसह. पाच मिनिटं एकच आवाज. एक आठवडा फक्त ए, पुढचा फक्त व आणि व्ह, मग झेड, मग प-ट-क. दोन आवाज एकत्र घेतले की दोन्ही बिघडतात, तो मोह टाळा. उरलेल्या पाच मिनिटांत कोणाच्या तरी मागोमाग बोला. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांचा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. आवाज भारतीयच असतो आणि जोर जागच्या जागी पडतो. तीनदा ऐका, मग त्याच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच चालीवर बोला. अर्थ कळण्यापेक्षा चाल पकडण्याकडे लक्ष द्या.

फोनवर बोलून टाइप करायची सोय परीक्षक म्हणून वापरता येते. भाषा ‘इंग्रजी, यूके’ ठेवा आणि सुटा एकेक शब्द म्हणा. पूर्ण वाक्य म्हटलंत तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकतो. ‘वेस्ट’ म्हटल्यावर पडद्यावर काय उमटतं ते बघा.

एक जोडीदार मिळाला तर फारच उत्तम. एकानं जोडीतला एक शब्द म्हणायचा, दुसऱ्यानं न विचारता लिहायचा. दहापैकी नऊ बरोबर आले की पुढची जोडी घ्यायची. पन्नास मिलिग्रॅमवाल्या त्या दोघी रोज ड्युटी संपल्यावर बसस्टॉपवर हेच करायच्या. एकीच्या हातात वही आणि दुसरी आकडे म्हणतेय: थर्टीन, सिक्स्टी, फॉर्टी, एटीन. तिसाव्या दिवशी तीच आठ-दहा वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करा आणि पहिली फाइल तिच्या शेजारी ठेवून दोन्ही ऐका.